जोड्या लावा : इंग्रजीच्या पीएचडी प्रवेशपरीक्षेचे एक वाचन

माझ्यासमोर एक दोनशे पानी वही आहे. पट्टीने आखलेले चार रकाने : लेखक, कृती, साल आणि चौथ्या रकान्याला मथळा ‘काय विचारतात’. पहिल्या पानावर चॉसर आहे, शेवटच्या पानावर होमी भाभा. मधल्या सहाशे वर्षांत एकही वाक्य दोन ओळींपेक्षा मोठे नाही. वहीची मालकीण अंबड तालुक्यातल्या एका गावची. इंग्रजीत एम. ए. झाली, तासिका तत्त्वावर शिकवते, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्हां दोघा नवराबायकोकडे जुन्या जालन्यात येते. मी प्राध्यापक नाही. मोंढ्यातल्या आडत दुकानावर तीस वर्षे हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात वाचतो. बाहेरून परीक्षा देऊन मीही इंग्रजीचा एम. ए. झालो होतो, एवढाच काय तो अधिकार. तिने विचारले म्हणून शिकवायला बसलो, आणि शिकवता शिकवता लक्षात आले की ज्याला आपण ‘परीक्षेची तयारी’ म्हणतो तो स्वतःच एक वाङ्मयप्रकार झाला आहे. त्याला त्याचे संकेत आहेत, त्याची परंपरा आहे, त्याचे अज्ञात लेखक आहेत. परीक्षांवर राग काढणारे लेख आपल्याकडे पुष्कळ निघतात. हा लेख तसा नाही. एखादे पुस्तक वाचावे तशी ही परीक्षा वाचून पाहावी, एवढाच हेतू आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगतो, कारण ते दरवर्षी बदलते आणि घरच्यांना कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी पीएचडीचे नवे विनियम काढले. त्यांत विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे आपण जिला ‘पेट’ म्हणतो तिच्यात, निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असे ठरले. लेखीला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. पुढे 2024 पासून नेटचे गुणच पीएचडी प्रवेशासाठीही चालतील अशी सोय झाली. आता नेटमध्ये तीन पायऱ्या आहेत : वर फेलोशिपसह सर्व काही, मध्ये सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी, आणि खाली फक्त पीएचडी. या खालच्या पायरीवरचे गुण एक वर्षच टिकतात. त्या वर्षात कुणी मार्गदर्शक मिळाला, जागा निघाली, मुलाखत जमली तर ठीक, नाहीतर पुन्हा वही उघडायची.

नेटचे दोन पेपर सलग असतात. पहिला 50 प्रश्नांचा, सर्वांना सारखा. दुसरा विषयाचा, 100 प्रश्नांचा. वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद आले. चुकल्यास गुण कापत नाहीत, म्हणून कुणीही एकही प्रश्न सोडत नाही. हे 72 सेकंद ध्यानात ठेवावेत. पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मागे तेच घड्याळ टिकटिकते आहे.

इंग्रजीचा अभ्यासक्रम कागदावर पाहिला तर थक्क व्हायला होते. एकंदर दहा घटक. पहिल्या घटकाचे नाव ‘नाटक’. दुसऱ्याचे ‘कविता’. तिसरा कादंबरी व कथा, चौथा ललितेतर गद्य. संपले. कोणते नाटक, कुणाची कविता, काही नाही. खाली एक टीप आहे की या चार घटकांत इंग्रजीतली सर्व साहित्ये येतात, आणि त्यांची परीक्षा उताऱ्यांच्या आकलनातूनही घेतली जावी. मग भाषाविज्ञान, भारतातील इंग्रजी, संस्कृतिअभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे सिद्धांत, संशोधनपद्धती. ‘कविता’ या एका शब्दाखाली इंग्लंड, अमेरिका, आफ्रिका, कॅरिबियन बेटे, ऑस्ट्रेलिया आणि भारत एवढे सगळे आले.

आपल्या शास्त्रपरंपरेत सूत्र असते, सूत्रावर भाष्य असते, भाष्यावर टीका असते. सूत्र जितके आखूड, भाष्य तितके लांब. इथे ‘कविता’ हे सूत्र झाले आणि बाजारातले आठशे-आठशे पानांचे गाइड हे त्याचे भाष्य. फरक इतकाच की भाष्यकाराला मूळ ग्रंथ पाठ असे. गाइडकाराला मागच्या गाइडांचा पाठ आहे. मी अशी सात गाइडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. आडतीत एका पट्टीची बेरीज दुसऱ्या पट्टीशी ताडून पाहण्याची सवय असते, ती इथे उपयोगी पडली. चुकासुद्धा एकाच ठिकाणी आहेत. ‘लिरिकल बॅलड्स’ची प्रसिद्ध प्रस्तावना सातांपैकी चारांत 1798 ची दाखवली आहे. 1798 च्या पहिल्या आवृत्तीला होते ते एक छोटे निवेदन. वर्ड्सवर्थची प्रस्तावना आली ती 1800 च्या आवृत्तीला, आणि 1802 मध्ये तिने आणखी अंग धरले. रवींद्रनाथांची इंग्रजी ‘गीतांजली’ 1912 ची. ती बंगाली ‘गीतांजली’चे भाषांतर असल्याचे सर्वत्र छापलेले आहे. प्रत्यक्षात तिच्यातल्या निम्म्याच्या आसपास रचनाच त्या बंगाली पुस्तकातल्या आहेत, बाकीच्या रवींद्रनाथांच्या इतर संग्रहांतल्या. नक्कल करणाऱ्याची चूक पुढच्या प्रतीत जाते, त्यावरून हस्तलिखितांची वंशावळ लावतात हे पाठचिकित्सेचे तत्त्व. गाइडांची वंशावळही तशीच लावता येते. संशोधनपद्धतीच्या दहाव्या घटकासाठी हा चांगला गृहपाठ झाला असता. तिला तसे म्हणालो तर ती हसून म्हणाली, “काका, ते विचारीत नाहीत.”

या वंशावळीच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला तेव्हा एक गंमत हाती लागली. अनेक गाइडांतल्या आणि नोट्समधल्या चॉसर-मिल्टनवरच्या परिच्छेदांचे मूळ विल्यम जे. लाँग या अमेरिकन गृहस्थाच्या 1909 सालच्या इंग्रजी वाङ्मयेतिहासात सापडते. पुस्तक शाळा-महाविद्यालयांसाठी लिहिलेले, भाषा गोड. आता त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे छापायला फुकट. हे लाँग मुळात धर्मोपदेशक आणि प्राण्यांवर लिहिणारे लेखक. त्यांनी लिहिले होते की वुडकॉक नावाचा पक्षी आपला मोडलेला पाय चिखलाने आणि गवताने लिंपून प्लास्टर करून घेतो. यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला, आणि 1907 मध्ये खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अशा लेखकांना निसर्गाची बनावट करणारे ठरवले. त्यानंतर दोन वर्षांनी याच लाँग यांनी इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. त्यांचे वाङ्मयविवेचन बनावट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुस्तक वाचनीय आहे. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शाळकरी मुलांसाठी केलेली मते अंबड तालुक्यातली मुलगी ‘मान्यवर समीक्षकांचे मत’ म्हणून पाठ करते, आणि ती कुणाची, कशासाठी केलेली, हे तिला कुठल्याच पानावर कळत नाही. संशोधनाचा पहिला धडा ‘हे कोण म्हणतो’ हा असतो. तयारीच्या पुस्तकांत तोच गळलेला आहे.

आता प्रश्नाकडे वळू. या परीक्षेचा प्राण म्हणजे ‘जोड्या लावा’. एक नेहमीच्या घाटाचा प्रश्न मीच बनवून घेतो. डाव्या यादीत चार संज्ञा : नेगेटिव्ह केपेबिलिटी, ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह, विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ, डीफॅमिलिअरायझेशन. उजव्या यादीत चार नावे : शक्लोव्हस्की, कोलरिज, कीट्स, एलियट. खाली चार पर्याय. कीट्सची जोडी ठाऊक असली की सहसा दोन पर्याय उडतात. एलियटची ठाऊक असली की तिसरा उडतो. उत्तर मिळाले. शक्लोव्हस्की कोण, रशियन की पोलिश, याची गरजच पडली नाही. वहीच्या चौथ्या रकान्यात हे शास्त्र नीट मांडलेले आहे : ‘दोन पक्के करा, दोन आपोआप.’ 72 सेकंदांतले वीस लागतात.

हाच तक्ता सावकाश वाचला तर काय दिसते? कीट्सने ही संज्ञा डिसेंबर 1817 मध्ये आपल्या भावांना लिहिलेल्या पत्रात वापरली. त्याच्या उपलब्ध लेखनात ती तेवढी एकदाच येते. मूळ पत्रही हरवले आहे, दुसऱ्याने केलेली नक्कल तेवढी उरली. अनिश्चिततेत, संशयात राहता येणे, उत्तरासाठी चडफड न करणे, असा त्या संज्ञेचा भावार्थ. हे सामर्थ्य ज्याच्यापाशी होते तो म्हणून कीट्स शेक्सपिअरचे नाव घेतो. आणि ज्याच्यापाशी नाही, ज्याला अर्धवट कळलेल्यावर समाधान मानता येत नाही, तो म्हणून कुणाचे? कोलरिजचे. म्हणजे तक्त्यातल्या एका ओळीने दुसऱ्या ओळीवर केलेली ही टीका आहे. कोलरिजची स्वतःची संज्ञा त्याच 1817 साली छापल्या गेलेल्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’तली, आणि तिथे तो वर्ड्सवर्थबरोबर ‘लिरिकल बॅलड्स’ची कामे कशी वाटून घेतली ते सांगतो आहे. एलियटने आपली संज्ञा 1919 च्या ‘हॅम्लेट’वरील निबंधात रुजवली, आणि ती कशासाठी? कीट्सने ज्याला आदर्श मानले त्या शेक्सपिअरचे हे नाटक कलाकृती म्हणून फसले आहे, असे म्हणण्यासाठी. शक्लोव्हस्कीचा निबंध 1917 चा खरा, पण रशियन भाषेतला. इंग्रजी वाचकांच्या हाती त्याचे प्रचलित भाषांतर पडले ते 1965 मध्ये. वहीत फक्त 1917 आहे. सालांचा क्रम लावायचा प्रश्न आला तर ते बरोबर. पण इंग्रजी समीक्षेत ही कल्पना कधी वावरू लागली असे कुणी विचारले तर दिशाभूल करणारे.

चार ओळी एकमेकींशी भांडताहेत, एकमेकींच्या नात्यात आहेत. तक्ता त्यांना चार वेगळ्या खोल्यांत कोंडतो. आणि संशयात राहण्याच्या सामर्थ्यावरचा प्रश्न चार पर्यायांतून एकच निवडायला सांगतो, हा विनोद परीक्षकांच्या लक्षात येत नसेल असे नाही. त्यांनाही काहीतरी गुण द्यायचे असतात.

पाठांतराला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. आमच्या भागात ते शोभणारही नाही. महानुभावांनी चक्रधरांची वचने सूत्रे म्हणून जपली, आणि ‘लीळाचरित्र’ तर ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्या आठवणींतूनच उभे राहिले. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. ‘दासबोधा’तली लक्षणांची यादी म्हणजे पाठ करण्यासाठीच केलेली रचना. त्यात ‘पढतमूर्खा’ची लक्षणे सांगणारा एक अख्खा समास आहे, तोही यादीच्याच रूपात. म्हणजे पढतमूर्खपणावरची टीकासुद्धा आपण पाठ करत आलो. त्यामुळे यादी हा दोष नव्हे. महानुभावी साधकाला सूत्र पाठ असे आणि ते कोणत्या प्रसंगी, कुणाला म्हटले गेले, हेही माहीत असे. त्याला ते ‘प्रकरण’ म्हणत. वहीतल्या नोंदीला प्रकरण नाही.

अभ्यासक्रमाचा एक घटक आहे ‘भारतातील इंग्रजी : इतिहास, उत्क्रांती आणि भवितव्य’. यावरचे पान वहीत अगदी सुबक आहे. 2 फेब्रुवारी 1835 मेकॉलेचे टिपण. 1854 वुडचा खलिता. 1857 मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठे. मी तिला म्हणालो, हे सगळे खरे, पण यातले काहीच आपल्याकडे घडले नाही. ती बघतच राहिली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. आमचा उच्च शिक्षणाचा इतिहास 1918 च्या उस्मानिया विद्यापीठाकडे जातो, आणि तिथे माध्यम होते उर्दू. इंग्रजी सक्तीचा विषय होती, माध्यम नव्हती. पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी हैदराबादेत भाषांतरांचे स्वतंत्र खाते होते. मौलवी अब्दुल हक औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम बघत, आणि त्यांच्या संपादनाखालचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश 1937 मध्ये अंजुमनने औरंगाबादेतूनच प्रसिद्ध केला. इथून रेल्वेने तासा-दीड तासावर. मेकॉलेच्या टिपणाला देशी भाषेतून दिलेले एवढे मोठे संस्थात्मक उत्तर हिंदुस्थानात त्या काळी दुसरे क्वचितच असेल, आणि ते आमच्या दाराशी होते. (त्या उत्तरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला जागा नव्हती, हा त्याचा दोष, तोही शिकवायला हवा.) मग 17 सप्टेंबर 1948. मग 1950 मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेचे औरंगाबादेतले महाविद्यालय, पुढचे मिलिंद, आणि 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ. माझ्या आजोबांच्या पिढीला ‘इंग्रजी’ उर्दूतून समजावून सांगितली गेली. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर अशी म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत, जी इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा उर्दूत सांगत : इस्म, फेल, हर्फ. ‘भारतातील इंग्रजी’च्या घटकात हा इतिहास बसतो, किंबहुना इथे बसलेल्या विद्यार्थ्यासाठी तोच पहिला. पण गाइड एकाच इलाख्यासाठी लिहिलेले असते, आणि तो इलाखा आमचा नव्हे.

आणखी एक जवळचे सांगतो. वॉटर्लू 1815 हे प्रत्येक वहीत असते, कारण बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या तिसऱ्या सर्गात आणि थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये ती लढाई येते. त्या वॉटर्लूचा सेनापती वेलिंग्टन. त्याला बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये नावाची मोडतोड करून झोडपला. हा वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, पहिली मोठी लढाई जिंकला ती 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांविरुद्ध, भोकरदन तालुक्यातल्या असई गावाजवळ. आपल्याच जिल्ह्यात. बर्नार्ड कॉर्नवेलची 1998 सालची इंग्रजी कादंबरीही या लढाईवर आहे. भोकरदनकडची पोरे दरवर्षी ‘वॉटर्लू’ पाठ करून परीक्षेला जातात आणि एसटीतून उतरताना असईचा फाटा ओलांडतात. यात दोष परीक्षेचा कमी, शिकवणाऱ्या आम्हा लोकांचा जास्त.

इथवर मी परीक्षेच्या विरोधात बोलतो आहे असे वाटेल. पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय हे वाचन प्रामाणिक होणार नाही, आणि ती बाजू माझ्या अंगावरून गेली आहे.

मी नेट दिली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत. तेव्हा तिसरा पेपर दीर्घोत्तरी असे. 2012 च्या जूनपासून तोही वस्तुनिष्ठ झाला आणि 2018 मध्ये तीनाचे दोन पेपर झाले. मला तो दीर्घोत्तरी पेपर आवडे. दिवसभर पट्ट्या लिहून आल्यावर रात्री हार्डीवर चार पाने लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, यासारखे सुख नव्हते. चार वेळा बसलो, चारही वेळा यादीत नंबर नाही. का नाही, हे कधीच कळले नाही. कुणीतरी कुठेतरी बसून माझे इंग्रजी वाचले, आणि त्यात त्याला काय खटकले असेल ते मी वीस वर्षे मनाशी तपासत राहिलो. उपपदे चुकली? मराठी वळणाची वाक्ये? की खरोखरच विचार कच्चा? उत्तर नाही. आज ती परीक्षा देते तेव्हा तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर प्रश्नामागे 200 रुपये भरून आक्षेप घेता येतो. ज्याला आक्षेप घेता येतो त्याला आपण कुठे चुकलो ते कळते. जोड्या लावताना मुलगी कोणत्या माध्यमातून आली, तिचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे ऐकू येतात का, तिचा बाप काय करतो, हे संगणक विचारत नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही अशा कितीतरी मुलामुलींना या बावळट दिसणाऱ्या प्रश्नपत्रिकेने आत घेतले आहे. माझ्या लाडक्या निबंधाने मला घेतले नव्हते.

म्हणून ‘वस्तुनिष्ठ काढा, वर्णनात्मक आणा’ या मागणीवर मी सही करत नाही. उलट, वस्तुनिष्ठ प्रश्नच चांगले करता येतात. अभ्यासक्रमाच्या टिपेतच ते लिहिलेले आहे : उताऱ्यांवरचे आकलन. न पाहिलेली कविता द्या, तिच्यावर पाच प्रश्न विचारा. इथे गाइड कामाला येत नाही, वाचनच लागते. असे प्रश्न येतातही. पण संख्येने थोडे, आणि वहीच्या चौथ्या रकान्यात त्यांच्यापुढे शेरा आहे : ‘शेवटी घ्या, वेळ खातात.’ 72 सेकंदांत कविता वाचायची म्हणजे तो सल्ला बरोबरच आहे. प्रश्न निम्मे करा आणि वेळ तीन तासच ठेवा, एवढ्याने अर्धे दुखणे कमी होईल असे माझ्या हिशेबी डोक्याला वाटते. पहिल्या पेपरचे 50 तसेच ठेवले तरी दुसऱ्याचे 100 चे 50 करायला काय हरकत आहे? तपासायला संगणकच आहे.

खरी अडचण उरलेल्या 30 टक्क्यांची आहे. तिथे संगणक नसतो.

तिचा विषय अरुण कोलटकर. वहीतली नोंद अशी : कोलटकर, ‘जेजुरी’, 1976, राष्ट्रकुल कवितापुरस्कार 1977. चौथ्या रकान्यात : ‘पुरस्कार विचारतात.’ मी तिला पुस्तक दिले आणि म्हटले, वही बंद कर, हे आठ दिवसांत वाच. चौथ्या दिवशीच आली. रागावलेली. त्यांचे कुलदैवत खंडोबा. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून तो गड चढली होती, आणि आजीने भंडारा उधळला तेव्हा डोळ्यांत जाऊन तासभर रडली होती. तिचे म्हणणे असे : “हे एसटीनं आले, बघितलं, अन् गेले. दगड कोणता अन् देव कोणता ते ठरवीत बसले. नवस नाही, तळी नाही. माणसं कशाला येतात ते कुणाला विचारलंच नाही यांनी.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पण काका, ती म्हातारी आहे ना त्यातली, पन्नास पैशांसाठी मागं लागलेली, ती खरी आहे. तिच्यापुढं ह्यांचं काही चालत नाही.”

मी तीस वर्षांत ऐकलेली ‘जेजुरी’ची ही सर्वांत चांगली समीक्षा होती. पहिला भाग हा भालचंद्र नेमाडे यांनी पूर्वी घेतलेल्या आक्षेपाच्या जवळ जाणारा आहे. कोलटकर जेजुरीला पर्यटकासारखे जातात, असे त्यांचे म्हणणे होते. नेमाडे मराठवाडा विद्यापीठात इंग्रजीच शिकवत होते, हाही योग. दुसरा भाग मात्र नेमाड्यांच्या पुढे जाणारा, पुस्तकाच्या आत शिरून पुस्तकाला उत्तर देणारा. एकाच वाचकाला कृती परकीही वाटते आणि त्या कृतीतच त्या परकेपणाचा पराभव झालेलाही दिसतो, यावर प्रबंधाचे एक प्रकरण होऊ शकते. मी तिला तसे सांगितले. नेमाड्यांचे मात्र सांगितले नाही. मुद्दाम नाही सांगितले. वाटले, हे तिचे आहे, तिचेच राहू द्यावे. मोठे नाव ऐकले की ती आपले म्हणणे वहीच्या रकान्यात बसवून टाकेल, ही भीती.

ती चूक होती. लेखी गुण चांगले आले. एका विद्यापीठातल्या मुलाखतीत तिने हेच मांडले, अडखळत, पण मांडले. समोरच्यांनी विचारले, या मताला आधार काय, आधी कुणी म्हटले आहे? ती म्हणाली, कुणी नाही, मला वाटले. दुसरे म्हणाले, नेमाडे वाचलेले दिसत नाहीत. तिथे मुलाखत संपल्यासारखीच झाली. त्यांचा प्रश्न अयोग्य नव्हता. संशोधकाला पूर्वसूरी माहीत हवेत. पण तिचे अर्धे म्हणणे पूर्वसूरींपेक्षा वेगळे होते, ते ऐकायला कुणी थांबले नाही. आणि जे उत्तर तिला द्यायला हवे होते, “नेमाडे इथवर येतात, मी इथून पुढे जाते”, ते मीच तिच्याकडून काढून घेतले होते. जन्मभर ‘हे कोण म्हणतो’ असे विचारत आलेल्या माणसाने.

त्या वर्षीचे गुण वर्षाअखेर संपले. जून 2024 ची नेट 18 तारखेला झाली, 19 तारखेला रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा घेतली गेली, हे वाचकांना आठवत असेल. अशा वेळी परगावच्या केंद्रावर जाऊन आलेल्यांना भाड्याचे पैसे दोनदा लागतात, तासिकांचे मानधन मात्र बुडाल्या दिवसांचे मिळत नाही. तिने पुन्हा अर्ज भरला आहे. संध्याकाळी गांधी चमनकडून चालत येते, पायरीवर चप्पल काढते आणि आधी जोड्या लावायचा सराव करते, शंभर प्रश्न, घड्याळ लावून. तो मी बंद करायला सांगितलेला नाही. उरलेल्या वेळात आम्ही सावकाश वाचतो. नेमाड्यांचा तो निबंध तिने मिळवून वाचला, आणि त्यांच्याशीही तिचे काही ठिकाणी जमत नाही. मार्जिनमध्ये प्रश्नचिन्हे आहेत.

वहीत आता एक पाचवा रकाना आला आहे. आखलेला नाही, चौथ्याच्या बाजूला जागा होती तिथे पेन्सिलने. त्याला मथळाही नाही. कीट्सच्या ओळीत तिथे ‘कोलरिज पाहा’ असे लिहिले आहे, वॉटर्लूच्या ओळीत ‘असई’. ‘जेजुरी’च्या ओळीत जागा पुरली नाही, म्हणून दोन पाने वेगळी शिवून लावली आहेत. 1976 मात्र जिथे होते तिथेच, लाल शाईत.